अँटेना काढल्यावर सह्याद्री कुठे बघायचं?

"गच्चीवरचा अँटेना भंगारात दिला, आता आईला सह्याद्री फुकटात कसं दाखवू?" असं वर विचारलंय. प्रसारभारतीचं वेव्हज अ‍ॅप घ्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यात, इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या वेळी सुरू झालं. दूरदर्शनच्या वाहिन्या थेट दिसतात. आमच्या आईला सातच्या बातम्या लागतातच, म्हणून मी अ‍ॅपचं चिन्ह टीव्हीच्या पडद्यावर पहिलंच आणून ठेवलंय. रिमोटचं एकच बटण दाबते, बस्स.

एक लक्षात ठेवा, नेटवरचं चित्र तुकड्यातुकड्यांनी येतं, त्यामुळे थोडं मागे असतं. क्रिकेटमध्ये शेजारचा जल्लोष आधी ऐकू येतो!

गावी नेट रडतखडत चालत असेल तर मात्र डीडी फ्री डिशच बसवा. छत्री आणि बॉक्सचा खर्च एकदाच, महिन्याचं भाडं नाही.