मदत हवी आहे: पहिल्या महायुद्धातल्या विमानांची टोपणनावं मराठीत कशी आणावीत?

नमस्कार मंडळी,
शाळेतल्या मुलांसाठी जुन्या लढाऊ विमानांचे तक्ते करतेय. चित्रं झाली, नावांपाशी अडलेय.

सोपविथ कॅमल सोपं. दोन मशिनगनच्या मागच्या भागावरचं आवरण वशिंडासारखं वर आलेलं, म्हणून 'उंट'. मुलांना चित्रावर बोट ठेवून दाखवता येईल.

खरी अडचण बी.ई.२ या ब्रिटिश विमानाची. १९१५ मध्ये जर्मनांच्या फोकर विमानांनी ही इतकी पाडली की 'फोकर फॉडर' हे नाव पडलं. निरीक्षक पुढच्या सीटवर, त्याच्यासमोर पंखा, आजूबाजूला पंखांच्या तारा आणि खांब. बंदूक असली तरी झाडायची कुठे? 'फोकरचा चारा' लिहिलं तर शब्द बरोबर आहे, पण मुलं गोठ्यातला कडबा डोळ्यांपुढे आणतील. 'फोकरचा घास' कसं वाटतं? मला तेच जास्त पटतंय, कारण आत माणसं होती हे त्यात जाणवतं.

आर.ई.८ या दुसऱ्या ब्रिटिश विमानाला वैमानिक 'हॅरी टेट' म्हणायचे. तो त्या काळचा रंगमंचावरचा विनोदी नट. 'आर ई एट'शी यमक जुळतं, एवढंच कारण. हे तसंच ठेवावं ना?

आणि महायुद्धानंतरचं वापिटी विमान! १९३३ साली आपल्या हवाई दलाची पहिली तुकडी कराचीत याच विमानांवर उभी राहिली. वापिटी म्हणजे अमेरिकेतलं मोठं हरीण, पण इंग्रज गमतीने 'व्हॉट अ पिटी' म्हणत. हा श्लेष मराठीत कोणाला साधेल का?

हवाई दलात असलेल्यांनी जरूर सांगा.