माझ्याकडे चालणारा पायथन प्रकल्प इतरांकडे इन्स्टॉल का होत नाही?

प्रश्न

मोजमापांच्या नोंदी वाचून त्यांचा एचटीएमएल अहवाल तयार करणारा एक छोटा मुक्तस्रोत प्रकल्प मी सांभाळतो. माझ्या संगणकावर तो बिनतक्रार चालतो, परंतु पिपने (पायथनची पॅकेजेस इन्स्टॉल करणाऱ्या साधनाने) तो इन्स्टॉल करणाऱ्यांना बिल्डच्या, म्हणजे स्रोतातून पॅकेज बांधण्याच्या, वेळीच ‘नमपाय हे मॉड्यूल सापडत नाही’ अशी त्रुटी येते, आणि नमपाय हे आकडेमोडीचे पॅकेज आधीपासून असले तरीही ती टळत नाही. एकदोघांनी कसाबसा मार्ग काढून इन्स्टॉल पूर्ण केले, तर त्यांना अहवालाचे टेम्पलेट (साचे) सापडले नाहीत.

आवृत्तीचा क्रमांक एकाच ठिकाणी राहावा म्हणून माझी सेटअप.पाय ही बिल्डच्या वेळी चालणारी फाइल माझेच पॅकेज इम्पोर्ट करून तो क्रमांक घेते. अलीकडे पायप्रोजेक्ट.टॉमल (प्रकल्पाची माहिती आणि बिल्डच्या गरजा सांगणारी फाइल) जोडली आहे, पण तीत फक्त बिल्ड-सिस्टिमचा विभाग आहे. टेम्पलेटचे फोल्डर पॅकेजच्या बाहेर, रिपॉझिटरीच्या मुळाशी आहे. पायपीआयवर (पायथन पॅकेजेसच्या सार्वजनिक भांडारावर) मी फक्त एसडिस्ट, म्हणजे स्रोताचा गठ्ठा, अपलोड करतो. लोक वेळ काढून तक्रार लिहितात आणि मला ती चूक माझ्याकडे घडवूनही पाहता येत नाही, याचे मला फार वाईट वाटते. सुरुवात कुठून करावी?

उत्तर 1

दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे: तुम्ही तपासता ते स्रोताचे फोल्डर, आणि लोकांच्या हाती पडते ती त्यातून बांधलेली वस्तू.

पायप्रोजेक्ट.टॉमल असली की पिप बिल्डसाठी एक वेगळे, तात्पुरते एन्व्हायर्नमेंट तयार करतो आणि त्यात बिल्ड-सिस्टिमच्या विभागात सांगितलेलीच पॅकेजेस घालतो. वापरकर्त्याने स्वतः इन्स्टॉल केलेले नमपाय तिथे दिसत नाही; तुमची सेटअप.पाय मात्र तुमचे पॅकेज इम्पोर्ट करते, ते पॅकेज नमपाय मागते आणि बिल्ड तिथेच थांबते. नमपाय बिल्डच्या गरजांत टाकून त्रुटी दडपता येईल, पण तसे करू नये, कारण एक क्रमांक वाचण्यासाठी एवढे मोठे पॅकेज उतरवण्याचे काहीच कारण नाही. आवृत्ती, अवलंबित्वे आणि पायथनची किमान आवृत्ती ही सगळी माहिती पीईपी 621 (पीईपी म्हणजे पायथनचे मानक-दस्तऐवज) प्रमाणे पायप्रोजेक्ट.टॉमलच्या प्रोजेक्ट विभागात लिहा; सेटअपटूल्स या बिल्डच्या साधनाच्या 61व्या आवृत्तीपासून तिथे ही सोय आहे. कोडमध्ये क्रमांक हवाच असेल तर तो पायथनच्याच इम्पोर्टलिब.मेटाडेटा या मॉड्यूलमधून वाचा.

टेम्पलेट पॅकेजच्या फोल्डरच्या आत हलवा, पॅकेज-डेटामध्ये (सोबत न्यायच्या इतर फायलींच्या यादीत) त्यांची नोंद करा आणि ते इम्पोर्टलिब.रिसोर्सेसच्या फाइल्स या फंक्शनने वाचा, जे पायथन 3.9 पासून उपलब्ध आहे. त्याचबरोबर पॅकेज ‘एसआरसी’ नावाच्या फोल्डरखाली ठेवा. आज तुम्ही रिपॉझिटरीत उभे राहून पायथन चालवता तेव्हा समोरचे फोल्डरच इम्पोर्ट होते, त्यामुळे बांधणीत काय राहून गेले ते तुम्हाला कधी दिसतच नाही.

यानंतरची पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. बिल्ड हे साधन काही वेगळे न सांगता चालवले, तर आधी एसडिस्ट बनते आणि त्या एसडिस्टमधून व्हील, म्हणजे थेट इन्स्टॉल होणारे तयार पॅकेज. म्हणजे एसडिस्टमध्ये जे आले नाही ते व्हीलमध्येही येणार नाही. ते व्हील रिकाम्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये (इतर पॅकेजेसपासून वेगळ्या ठेवलेल्या पायथनमध्ये) इन्स्टॉल करून, रिपॉझिटरीबाहेरच्या फोल्डरमधून एक खरा अहवाल तयार करून पाहा. तुमचा कोड शुद्ध पायथन असेल तर एकच व्हील सर्व ऑपरेटिंग सिस्टिमना पुरते. ते अपलोड केले की बहुतेकांच्या संगणकावर बिल्ड करण्याची वेळच येणार नाही.

उत्तर 2

मी एका लिनक्स वितरणासाठी पॅकेजिंग करतो, म्हणून आमच्या बाजूची गरज मांडतो. व्हील आले तरी एसडिस्ट बंद करू नका, कारण आम्ही स्रोतापासूनच बांधतो. त्यात चाचण्या आणि परवान्याची फाइल असू द्या. आमचे बिल्ड इंटरनेटशिवाय चालते, तेव्हा बिल्डच्या वेळी काहीही डाउनलोड करू नका.

अवलंबित्वांना ‘==’ या चिन्हाने एकाच आवृत्तीशी बांधू नका, ही विशेष विनंती आहे. वितरणात नमपायची सहसा एकच आवृत्ती असते, आणि तुमची अट तिच्याशी जुळली नाही तर आम्हाला दर वेळी ती बदलावी लागते. किमान आवृत्ती सांगणे योग्यच आहे. वरची मर्यादा मात्र काही मोडते हे ठाऊक असेल तेव्हाच घाला.

सूचनांच्या फाइलमध्ये ‘सुडो’ लावून, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, पिप चालवण्याचा सल्ला असेल तर तो काढून टाका. पीईपी 668 नंतर, उदाहरणार्थ 2023 च्या डेबियन 12 मध्ये, सिस्टिमच्या पायथनमध्ये असे इन्स्टॉल करू पाहिले की पिप नकार देतो. तुमचे साधन कमांडने चालणारे असेल, तर प्रोजेक्ट.स्क्रिप्ट्समध्ये त्या कमांडची नोंद करा आणि वापरकर्त्यांना पिपएक्स (अशी साधने वेगळ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये इन्स्टॉल करणारे साधन) सुचवा.

उत्तर 3

अपलोड करण्यापूर्वी टेस्ट-पायपीआयवर, म्हणजे पायपीआयच्या सरावासाठीच्या वेगळ्या भांडारावर, एक फेरी अवश्य करा. पायपीआयवर एकदा चढवलेल्या फाइलचे नाव, ती फाइल पुसली तरी, पुन्हा वापरता येत नाही. चूक झाल्यास नवा आवृत्ती-क्रमांकच द्यावा लागतो. सदोष आवृत्ती पुसण्याऐवजी ‘यँक’ करा (ती टाळावी अशी खूण लावा), म्हणजे तिच्यावर नेमके बोट ठेवून अवलंबून असलेल्यांचे इन्स्टॉल मोडणार नाही.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. पॅकेज एसआरसीखाली नेले, सेटअप.पाय काढून टाकली आणि व्हील रिकाम्या एन्व्हायर्नमेंटमध्ये इन्स्टॉल केले, तेव्हा टेम्पलेट न सापडण्याची त्रुटी पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांसमोर आली. पॅकेज-डेटामध्ये मी फक्त एचटीएमएल फायलींची नोंद केली होती आणि एक सीएसएस फाइल राहून गेली होती. ती जोडल्यावर अहवाल पूर्ण तयार झाला. हीच तपासणी आता प्रत्येक बदलानंतर आपोआप चालेल अशी व्यवस्था केली आहे. नमपायची अट किमान आवृत्तीपुरतीच ठेवली असून, पुढील आवृत्तीचे व्हील आणि एसडिस्ट ही दोन्ही आज टेस्ट-पायपीआयवर चढवत आहे.