१४ फुटी टेम्पो घेतला, नवव्या दिवशी घाटात बसला. इंजिन खोलू की नको?

क्रेटवाला:
भाऊंनो, जरा घाईत सल्ला हवाय. गाडी २०१९ मॉडेल, १४ फुटी, सहा टायर, चार सिलिंडर कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल), बीएस-४. एजंटकडून ६ लाख ४० हजाराला घेतली. मीटरवर १ लाख १२ हजार. बघायला गेलो तेव्हा सकाळची थंड गाडी पहिल्या सेल्फला चालू झाली, धूर नाही, कुठे ओल नाही.

नारायणगाव-वाशी टोमॅटोच्या फेऱ्या सुरू केल्या. नवव्या दिवशी परतीच्या ३ टन मालासह येताना टोकावड्याला २० मिनिटं थांबवली, तर चालूच होईना. सेल्फ नीट मारतोय, पण इंजिन धरत नाही. पाऊण तासाने झाली. पुढे माळशेज चढताना इंजिनचा दिवा लागला आणि दम गेला, दुसऱ्या गिअरच्या वर जाईना. किल्ली बंद करून पुन्हा लावली की थोडा वेळ ठीक, चढ आला की परत तेच. सकाळी थंड असताना मात्र आजही लगेच चालू होते. धूर फारसा नाही. पाणी, ऑइल जागेवर.

मेकॅनिक म्हणतो कम्प्रेशन गेलंय, म्हणजे सिलिंडर दाब धरत नाही, लायनर-पिस्टनचं काम, १ लाख ६० हजार. एजंट म्हणतो बघूनच घेतली होती ना. आरसी अजून जुन्या मालकाच्या नावावर, मालकी बदलाचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म सह्या करून माझ्याकडे आहेत. इन्शुरन्सही त्याच्याच नावाने. काय करू?

नोझलवाला:
इंजिन खोलू नका. निदान या आठवड्यात तरी नाही.

कम्प्रेशन कमी झालेली डिझेल गाडी सकाळी रडते. दहा-बारा सेकंद सेल्फ मारावा लागतो, पांढरा धूर टाकते, आणि एकदा गरम झाली की सुधारते. तुमचं नेमकं उलट चाललंय. थंड चालू, गरम बंद. कॉमन रेलमध्ये याचं पहिलं संशयित म्हणजे इंजेक्टरमधून (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा नोझल) रिटर्नला, म्हणजे टाकीकडे परत, जास्त डिझेल जाणं. डिझेल तापलं की पातळ होतं, झिजलेल्या इंजेक्टरच्या आतून सहज सुटतं, आणि सेल्फच्या कमी फेऱ्यांवर रेलमध्ये दाब तयार होत नाही. साधारण २०० ते २५० बार झाल्याशिवाय ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) इंजेक्टर उघडतच नाही (आकडा गाडीगणिक थोडा वेगळा). धूर नाही याचंही कारण तेच, डिझेल आत पडतच नाही तर धूर कशाचा? चढावर ईसीएम दाब मागतो, तो मिळत नाही, दिवा लागतो आणि गाडी स्वतःला आवरून घेते. किल्ली फिरवली की ती चूक तात्पुरती विसरते. सगळं एका सुतात बसतंय.

तपासणी या क्रमाने करा.

आधी स्कॅनर. कोड पुसायच्या आधी फोटो घ्या. पी ००८७ आला तर रेलचा दाब कमी. मग गरम इंजिनवर सेल्फ मारताना दोन आकडे बघायचे, रेलचा दाब आणि इंजिनच्या फेऱ्या. फेऱ्या शून्यच दाखवत असेल तर क्रँक सेन्सर, म्हणजे फेऱ्या मोजणारा. तोही तापल्यावर दगा देतो, आणि स्वस्तातलं काम आहे. फेऱ्या २०० च्या आसपास आणि दाब २०० बारच्या आत घुटमळतोय, तर डिझेलच्या वाटेला लागा.

मग कमी दाबाची बाजू. टाकीखालचा नट सैल करून पहिलं अर्धा लिटर काचेच्या बाटलीत काढा आणि १५ मिनिटं ठेवा. पाणी आणि गंज तळाला बसतो. फिल्टर कापून त्याचा कागद उन्हात धरा. चमकी दिसली तर लोहचुंबक फिरवा. पोलादी चमकी म्हणजे हाय प्रेशर पंप झिजतोय, आणि मग गोष्ट मोठी आहे, कारण ती रेलमध्ये आणि चारही इंजेक्टरमध्ये गेलेली असते. फिल्टर ते पंप या टप्प्यात तात्पुरती पारदर्शक नळी लावून बुडबुडे येतात का बघा. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोकही बघा, मातीने बुजलं की टाकी आतून ओढ धरते.

हे ठीक निघालं तर रिटर्न टेस्ट. चार सारख्या बाटल्या, चार सलाइनच्या नळ्या. चारही इंजेक्टरच्या डोक्यावरची रिटर्न नळी काढून तिथे एकेक सलाइनची नळी लावायची. मूळ रिटर्न लाइनचं उघडं तोंड बंद करायला विसरू नका, नाहीतर पंपाचं परतीचं डिझेल तिथून बाहेर येतं. गरम इंजिन ३ मिनिटं आयडलवर (ॲक्सिलरेटर न देता) ठेवा, बंद करा, बाटल्या शेजारी शेजारी ठेवून फोटो काढा. चारही जवळपास सारख्या हव्यात. एकात इतरांच्या दुप्पट-तिप्पट आलं तर तो इंजेक्टर गेला. चारही सारख्या आणि कमी, तरी दाब येत नाही, तर पंप किंवा त्यावरचा मीटरिंग व्हॉल्व्ह (पंपात किती डिझेल सोडायचं ते ठरवणारा). रेलवरचा प्रेशर व्हॉल्व्ह गळतोय का तेही तेव्हाच बघून घ्या.

एक गोष्ट बजावून सांगतो. चालू इंजिनवर हाय प्रेशरच्या लोखंडी नळीचा नट सैल करून "हवा काढायची" नाही. ती जुन्या पंपाच्या गाड्यांची सवय. इथे लोडवर १,६०० बारपर्यंत दाब असतो, सुईएवढी धार कातडीखाली शिरते आणि बोट कापायची वेळ येते. गाडी बंद करून पाच-दहा मिनिटं जाऊ द्या, मगच पाना लावा.

स्टेपनी:
नोझलवाल्यांशी सहमत, पण इंजिनला एवढ्यात क्लीन चिट देऊ नका. एजंटची गाडी आहे. नेहमीच्या १५ डब्ल्यू ४० च्या जागी जाड ऑइल ओतून ब्लो-बाय (रिंगांजवळून खाली सुटणारा गॅस) आणि खडखड दोन्ही दाबता येतात, महिनाभर कळत नाही.

फुकटातलं बघून घ्या. गरम इंजिन आयडलवर, ऑइलचं झाकण काढून तोंडावर उलटं ठेवा. किंचित हललं तर चालेल. उडून पडलं किंवा कुकरच्या शिट्टीसारखी वाफ आली तर रिंगा गेल्या. ऑइलची पट्टी काढून थेंब बोटावर चोळा. डिझेलचा वास आणि पातळी खुणेच्या वर, म्हणजे इंजेक्टर सिलिंडरमध्ये गळतोय आणि ऑइल पातळ होतंय, असं चालवलं तर बेअरिंग जाईल. सकाळी थंड इंजिन चालू करून एका मिनिटात रेडिएटरची वरची नळी दगडासारखी कडक झाली तर हेड गास्केट. यातलं काही नसेल तर शंभर टक्के डिझेलची बाजू.

तरीही शंका राहिली तर कम्प्रेशन गेजने मोजून घ्या. चांगल्या इंजिनला २५ ते ३० बार येतं. २० च्या खाली गेलं किंवा चार सिलिंडरमध्ये ३ बारपेक्षा जास्त फरक पडला तर बोलू. आकडा न दाखवता "कम्प्रेशन गेलंय" म्हणणाऱ्याला १ लाख ६० हजार कशाला द्यायचे?

आणि १ लाख १२ हजारावर विश्वास ठेवू नका. २०१९ ची बाजाराची गाडी दोन वर्षांत तेवढी पळते. क्लचच्या पायडलचं रबर आणि स्टिअरिंगची कड बघा, मीटरपेक्षा खरं बोलतात.

आणखी एक, किल्ली लावल्यावर, सेल्फ मारायच्या आधी, इंजिनचा दिवा लागून मग विझला पाहिजे. गाडी घेताना हे बघितलं होतं का? लागलाच नाही तर बल्ब काढलेला किंवा मागून टेप मारलेली असते. तुमचा लागतोय, म्हणजे बहुतेक विकायच्या आधी कोड पुसलेत.

कागदीघोडा:
मशीनचं वरच्यांनी सांगितलं. कागदाचं ऐका, कारण तुमच्याकडे ५ दिवस आहेत.

गाडीची मालकी बदलली की इन्शुरन्सचं थर्ड पार्टी संरक्षण तुमच्याकडे आपोआप येतं असं कायदा मानतो, पण पॉलिसीवर नाव बदलण्यासाठी १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करायचा असतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम नाव न बदलता मागायला गेलात तर अडकलात. आरसी ट्रान्स्फरचा अर्ज ३० दिवसांत. एजंटशी भांडण आहे म्हणून ट्रान्स्फर लांबवणारे बरेच असतात. त्याने एजंटचं काही बिघडत नाही, तुमचंच बिघडतं. बोजा (गाडीवरचं कर्ज) असेल तर फायनान्सवाल्याच्या सहीचा ३५ नंबरचा फॉर्म मिळालाय का? एम-परिवहनवर गाडीचा नंबर टाकून फिटनेस, टॅक्स आणि बोजा आजच बघा, राज्याच्या ई-चलन साइटवर दंडही. गाडी ८ वर्षांची होईपर्यंत फिटनेस दोन वर्षांचा मिळतो, नंतर दरवर्षी.

आता एजंट. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं, आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची नोंद २९सी फॉर्मने व्हायला हवी. तुमच्या व्यवहारात थेट जुन्या मालकाच्या सह्यांचे फॉर्म हातात दिलेत, म्हणजे एजंट कागदावर कुठेच नाही. पैसे कोणाच्या खात्यात गेले, तो पुरावा जपा. व्हॉट्सॲपवर "इंजिनला हात लावायची गरज नाही" छापाचं काही लिहिलं असेल तर सोन्यासारखं सांभाळा.

धंद्यासाठी घेतलेली वस्तू ग्राहक कायद्यात बसत नाही, हे अर्धं खरं. २०१९ च्या कायद्यातच स्पष्टीकरण आहे की स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी वापरलेली वस्तू त्या अपवादात येत नाही. स्वतः चालवता, एकच गाडी आहे, तर तक्रार करता येते. चार गाड्या आणि पगारी ड्रायव्हर असतील तर कठीण. जिल्हा ग्राहक आयोगाची मर्यादा ५० लाख, मुदत दोन वर्षं, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार चालते. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन करून आधी नोंदही करता येते.

समोरून बचाव एकच येईल: बघून घेतली. वस्तू विक्री कायदाही म्हणतो की तपासणीत दिसायला हवा होता असा दोष ग्राहकाच्या माथी. म्हणून तुम्हाला दोन गोष्टी दाखवाव्या लागतील, दोष नुसत्या बघण्याने दिसण्यासारखा नव्हता आणि तो विकण्याआधीपासूनचा होता. त्यामुळे काहीही खोलण्याआधी तारखेसह स्कॅन रिपोर्ट, टेस्टचा व्हिडिओ, आणि काढलेला पार्ट गॅरेजला द्यायचा नाही.

क्रेटवाला:
सगळ्यांचे आभार. काल दुसऱ्या गॅरेजला टेस्ट केली.

कोड पी ००८७. गरम असताना सेल्फवर फेऱ्या २१० ते २२०, रेलचा दाब १४० च्या वर जात नाही. ऑइलचं झाकण जागेवर राहिलं, पट्टीला डिझेलचा वास नाही, रेडिएटरची नळी मऊ. टाकीतून चहाच्या कपभर गढूळ पाणी निघालं. फिल्टरमध्ये गंज आहे, चमकी नाही.

३ मिनिटांचं रिटर्न: १ नंबर २२ मिली, २ नंबर २५, ३ नंबर ८४, ४ नंबर २४.

गॅरेजवाला म्हणतो ३ नंबरचा जुना बाजारातून आणून बसवू.

नोझलवाला:
चित्र स्वच्छ आहे. इंजिन वाचलं.

जुना बाजारातला बसवू नका. तो आतून काय अवस्थेत आहे हे टेस्ट बेंचशिवाय (इंजेक्टर तपासायचं मशीन) कळत नाही. चारही काढून बेंचवर लावा आणि प्रत्येकाची लेखी रीडिंग मागा. ३ नंबर नवा किंवा रीतसर दुरुस्त केलेला, बाकीचे पास झाले तर तसेच ठेवा.

पण त्याआधी टाकी. उतरवून, धुऊन, वाळवून, आतली जाळी साफ करून परत. नवा फिल्टर, पाणी वेगळं करणारा कप साफ. हाताच्या पंपाने डिझेल कडक लागेपर्यंत भरायचं, रिकाम्या फिल्टरवर सेल्फ मारत बसायचं नाही, पंप कोरडा फिरतो. हे न करता नवा इंजेक्टर लावलात तर तेच गंजाचं पाणी त्याला पाजाल.

बसवताना तांब्याच्या वॉशरवर लक्ष ठेवा. इंजेक्टर निघतो तेव्हा जुना वॉशर बऱ्याचदा भोकात तळाशीच चिकटून राहतो. टॉर्च मारून बघायचं. घाईत त्याच्यावरच नवा वॉशर ठेवला की इंजेक्टर एका वॉशरच्या जाडीने वर बसतो, गॅस सुटतो, चुक-चुक आवाज येतो आणि आठवड्यात बुडाशी डांबरासारखा थर चढतो. क्लॅम्पचा बोल्ट टॉर्क पान्याने. लोखंडी नळ्या ज्याच्या त्यालाच, अदलाबदल नाही.

शेवटी कोडिंग. प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर अक्षर-आकड्यांचा कोड कोरलेला असतो, तो स्कॅनरने ईसीएममध्ये भरायचा. नाही भरला तरी गाडी चालू होते, पण आयडलला थरथरते, ठोका देते, आणि लोक पुन्हा इंजिन खोलायच्या गोष्टी करतात.

त्याच वेळी एक करा. काढण्यापूर्वी चारही कोडचे फोटो घ्या आणि ईसीएममध्ये आधी भरलेले कोड स्क्रीनवर काढून ताडून बघा.

क्रेटवाला:
बघितलं. १, २ आणि ४ जुळतात. ३ नंबरचा नाही जुळत. बुडाशी काळा थर आहे आणि आत दोन वॉशर निघाले, एकावर एक.

कागदीघोडा:
म्हणजे तो इंजेक्टर आधी कुणीतरी बदललाय, घाईत बदललाय आणि कोड न भरता बदललाय. हे नुसतं बघून कोणालाही दिसलं नसतं. दोन्ही वॉशर आणि इंजेक्टर पिशवीत घाला, तारीख आणि गाडीचा नंबर लिहा, गॅरेजवाल्याची सही घ्या. स्क्रीनचा फोटो, बेंचची रीडिंग आणि बिल जोडून एजंट आणि जुना मालक दोघांना पोचपावतीसह स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा. १ लाख ६० हजार मागू नका, झालेला खर्च आणि बंद राहिलेल्या फेऱ्यांचा हिशेब मागा. १५ दिवसांची मुदत द्या. कोणी बदलला हे आत्ता लिहू नका, "विक्रीपूर्वी बदललेला आढळला" एवढंच लिहा. ९ दिवसांत तुमच्याकडून गाडी कुठल्याच गॅरेजला गेली नव्हती, हे मात्र लिहा.

स्टेपनी:
आणि इन्शुरन्सचा अर्ज केलात का? तीन दिवस उरलेत.