नव्या यंत्रामुळे होणारा तोटा कोणी सोसायचा, हे आपल्याकडे कसे ठरत आले?

कोपरखैरणेकर (प्रश्न)

ठाणे-बेलापूर मार्गावरच्या रबाळे-महापे पट्ट्यात रासायनिक आणि अभियांत्रिकी कारखाने जोरात होते, तेव्हा पाळी सुटली की रस्ता कामगारांनी भरून जात असे. त्या पट्ट्यात आता डेटा सेंटर उभी राहत आहेत. त्यांना वीज अफाट लागते, माणसे मात्र मोजकीच पुरतात. यावर सत्ताधारी गुंतवणुकीचे आकडे सांगतात आणि विरोधक स्थानिकांना नोकऱ्या द्या म्हणतात, त्यापुढे चर्चा सरकत नाही. माझे वडील वाशीच्या बाजार समितीत माथाडी होते. धाकटी बहीण एका कार्यालयात हिशेब सांभाळते आणि ते काम कृत्रिम बुद्धिमत्तेकडे जाईल या धास्तीत असते. यंत्र रोखणे किंवा निमूटपणे स्वीकारणे, यांखेरीज तिसरी वाट समाजाने आणि राजकारणाने कधी काढली आहे का?

निवृत्त बँक कर्मचारी, नौपाडा

काढली आहे, पण ती अपुरी पडली. आयुर्विमा महामंडळात साठच्या दशकात संगणकाला कडवा विरोध झाला होता. पुढे केंद्र सरकारने अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली स्वयंचलनाविषयी, म्हणजे माणसाचे काम यंत्राने करून घेण्याविषयी, समितीही नेमली. बँकांत मात्र १९८३ साली व्यवस्थापनांची संघटना आणि कर्मचारी संघटना यांच्यात करार झाला आणि यंत्रे कोणती व किती बसवायची, हे वाटाघाटीने ठरू लागले. १९८७ आणि १९९३ च्या करारांनी त्या मर्यादा टप्प्याटप्प्याने सैल केल्या. आम्हाला नवे काम शिकायला वेळ मिळाला, ही त्यातली मोठी कमाई होय. परंतु नोकरीत असलेल्यांचे रक्षण झाले तरी लिपिकांची भरती आटत गेली, आणि २०००-०१ च्या स्वेच्छानिवृत्ती योजनेत सुमारे १ लाख कर्मचारी बाहेर पडले. ज्या तरुणांनी अजून अर्जही केला नव्हता, त्यांची बाजू मांडणारे त्या वाटाघाटींत कोणी नव्हते, आणि मला याची खंत आजही वाटते.

कामगार कायद्याचा अभ्यासक, ऐरोली

वरील मुद्दा कायद्यातही दिसतो. औद्योगिक विवाद अधिनियमाच्या कलम ९-अ नुसार, कामगार कपात होण्याचा संभव असलेली यंत्रसुधारणा करण्यापूर्वी मालकाने २१ दिवसांची सूचना देणे बंधनकारक होते. हा हक्क त्या आस्थापनेतल्या कामगारापुरताच होता. कंत्राटी आणि भावी कामगार त्याच्या बाहेर राहिले. आपल्या वडिलांना लागू असलेला १९६९ चा माथाडी कायदा मला याहून दूरदर्शी वाटतो, कारण त्यात मजुराची नोंदणी मंडळाकडे होते, ज्याच्याकडे माल चढवला-उतरवला जातो तो मजुरीबरोबर ठरावीक लेव्ही, म्हणजे मजुरीवरची जादा रक्कम, मंडळाकडे भरतो, आणि भविष्य निर्वाह निधीसारखे लाभ मंडळ देते. मालक बदलला तरी हक्क टिकतो. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीने मिळवलेली ही रचना यंत्राशी भांडत नाही. बोगस माथाडींच्या नावाने होणाऱ्या वसुलीच्या तक्रारी गंभीर आहेत आणि त्या निपटल्याच पाहिजेत, पण त्यांचे निमित्त करून मूळ कायदा पातळ करणे मला मान्य नाही.

यंत्रमागवाला, भिवंडी

कोणते यंत्र टिकेल हे केवळ तंत्रज्ञान ठरवते, असे समजू नये. १९५६ च्या धोरणाने कापड गिरण्यांच्या मागांची संख्या गोठवली. गिरण्यांना लागू असलेले नियम विखुरलेल्या छोट्या मागांना लागू नव्हते, आणि गिरण्यांनी टाकून दिलेले जुने माग आमच्याकडे येऊन चालू लागले. म्हणजे गिरणीचे काम अधिक प्रगत यंत्राने नेले नाही, स्वस्त आणि असंरक्षित मजुरीने नेले. मुंबईच्या गिरणी कामगारांच्या १९८२ च्या संपानंतर हा ओघ आणखी वाढला. आज भिवंडीत ई-व्यापाराची गोदामे उभी आहेत, आणि घरोघरी माल पोहोचवणारे तरुण कोणाचे कामगार, हाच वाद आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा तरुणांकडून काम करून घेणाऱ्या ऑनलाइन कंपन्यांनी त्यांच्या सामाजिक सुरक्षेसाठी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम द्यावी, अशी तरतूद आहे, आणि राजस्थानने २०२३ मध्ये स्वतंत्र कायदाही केला. माथाडी मंडळे उभारणाऱ्या महाराष्ट्राने यात मागे राहावे, हे मला मनापासून बोचते.

कोपरखैरणेकर

सर्वांचा आभारी आहे. लेव्हीच्या मुद्द्यावरून एक विचारावेसे वाटते. डेटा सेंटरमध्ये हमालीचा माल नाही आणि उलाढालीचा हिशेब परदेशी कंपनीकडे असू शकतो. मग लेव्ही कशावर बसवायची? माझ्या मते आधार जमिनीचा आहे. आमच्या पट्ट्यातले भूखंड ज्याच्या ताब्यात आहेत ते औद्योगिक विकास महामंडळ भूखंड विकत नाही, ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देते, आणि हस्तांतरणाला त्याची परवानगी लागते. नवी मुंबईसाठी जमिनी घेतल्या गेलेल्या शेतकऱ्यांनी १९८४ मध्ये उरणजवळच्या जासईत आंदोलन केले, आणि त्यानंतर त्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या पिढीने साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क मिळवला, तोही असाच ज्यांचे गेले त्यांना वाटा देणारा होता. भूखंड कारखान्याकडून डेटा सेंटरकडे जाताना, आधीच्या कामगारांच्या आणि परिसरातील तरुणांच्या प्रशिक्षणासाठी निधी देण्याची अट त्या परवानगीतच घालता येईल का? ऐरोलीच्या अभ्यासकांनी यातली कायदेशीर अडचण सांगितली, तर तसे निवेदन तयार करून स्थानिक आमदारांकडे नेण्याची माझी तयारी आहे.