बीपी नॉर्मल, तरी बीपीची गोळी? अर्धशिशीसाठी प्रोप्रानोलॉल

सिडकोकर:
आईला कितीतरी वर्षांपासून अर्धशिशी आहे, भर उन्हात पंचवटीत भाजी घ्यायला गेली की संध्याकाळपर्यंत डावी बाजू ठणकायला लागते, उलट्या होतात, मग पडदे लावून पडून राहते. आता डॉक्टरांनी प्रोप्रानोलॉल लिहून दिलीय आणि मेडिकलवाला म्हणतो ही तर बीपीची गोळी. आईचं बीपी एकदम नॉर्मल आहे हो! द्यायची का नाही? अजून सुरू केलेली नाही.

औषधवाला_नाशिकरोड:
गोळी चुकलेली नाही. हा बीटा ब्लॉकर आहे, म्हणजे अ‍ॅड्रेनॅलिन ज्या रिसेप्टरवर बसून ठोके वाढवतं ती जागा ही गोळी अडवते. जेम्स ब्लॅक यांनी 1960 च्या दशकात हृदयरोग्यांच्या छातीदुखीसाठी शोधली, 1988 च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. आता नुसत्या बीपीला सहसा पहिली हीच देत नाहीत, पण अर्धशिशीचे अटॅक कमी करायला, हात थरथरतात त्याला, थायरॉइड वाढल्यावरच्या धडधडीला, लिव्हर सिरॉसिसमध्ये अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटू नयेत म्हणूनसुद्धा देतात. डोकं दुखायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही, रोज घ्यायची, फरक दिसायला काही आठवडे जातात.
पण आईंना दमा आहे का, ते आधी सांगा.

सिडकोकर:
हो, थंडीत धुकं पडलं की छातीत सूं सूं वाजतं, पंप असतो घरात. डॉक्टरांनी विचारलंच नाही.

औषधवाला_नाशिकरोड:
मग अजिबात सुरू करू नका! ही गोळी श्वासनलिकेतले बीटा 2 रिसेप्टरपण अडवते, नळ्या आवळतात, आणि पंपातलं साल्ब्युटामॉल नेमकं त्याच रिसेप्टरवर काम करतं त्यामुळे दम लागला तर पंपाचाही असर कमी पडतो. डॉक्टरांना पंप दाखवा, अर्धशिशीला अमिट्रिप्टिलीन, टोपिरामेट असे दुसरे पर्याय आहेत, कुठलं चालेल ते तेच ठरवतील.

निफाडची_ताई:
मी घेते ही, द्राक्षाच्या सीझनमध्ये दिवसभर बागेत असते तरी डोकं बरंच शांत आहे. हातपाय गार पडतात आणि नाडी हळू चालते तेवढं सोडलं तर काही नाही. पण जे घेताहेत त्यांनी मनाने एकदम बंद करू नका, ठोके उलट जोरात वाढतात, हृदयाचा त्रास असेल तर जिवावर बेतू शकतं, डोस हळूहळूच उतरवतात. आणि इन्सुलिनवाल्यांनी जास्त जपा, शुगर उतरली की होणारी धडधड कळत नाही, घाम मात्र येतो, तेवढ्यावरून ओळखायचं.

सिडकोकर:
दादा, ताई, खूप आभार. आत्ताच फोन केला, डॉक्टर म्हणाले गोळी देऊ नका, सकाळी आईला पंपासकट घेऊन या.