जड धातूंनी दूषित जमीन, वनस्पती आणि नॅनोकण: परस्परविरोधी निष्कर्ष का दिसतात?

प्रश्न
शिसे आणि कॅडमियम यांनी दूषित झालेली माती वनस्पतींच्या साहाय्याने शुद्ध करण्याच्या पद्धतीचा मी अभ्यास करत आहे. मातीत नॅनोकण (डोळ्यांना न दिसणारे अतिसूक्ष्म कण) मिसळल्यास वनस्पती अधिक धातू शोषतात, असे काही लेख सांगतात. उलट नॅनोकणांमुळे वनस्पतीतील धातूचे प्रमाण घटते, असे इतर काही लेखांत आढळते. यांपैकी खरे काय मानावे?

पहिले उत्तर
दोन्ही खरे आहे, कारण ही दोन निरनिराळी कामे आहेत. जड धातूंचे विघटन होत नाही. म्हणून एक तर ते मुळांवाटे खोडापानांत ओढून घेऊन कापणीबरोबर जमिनीबाहेर न्यावे लागतात, नाहीतर पाण्यात विरघळणार नाहीत अशा रूपात मातीतच बांधून ठेवावे लागतात. हायड्रॉक्सीॲपेटाइट या कॅल्शियम फॉस्फेटच्या खनिजाचे नॅनोकण दुसऱ्या कामाचे आहेत: त्यांतील फॉस्फेट शिशाशी संयोग पावते आणि पायरोमॉर्फाइट हे अत्यंत अल्पविद्राव्य खनिज तयार होते, त्यामुळे मुळांच्या वाट्याला शिसे कमी येते. धातूरूपातील लोहाचे नॅनोकण षट्संयुजी क्रोमियमचे (क्रोमियमच्या अधिक विषारी रूपाचे) रूपांतर कमी विषारी व कमी चल, म्हणजे मातीत कमी पसरणाऱ्या, अशा त्रिसंयुजी क्रोमियममध्ये करतात. याउलट टायटॅनियम डायऑक्साइडच्या नॅनोकणांमुळे सोयाबीनने अधिक कॅडमियम शोषल्याची नोंद आहे. लेख वाचताना संशोधकाला धातू बाहेर काढायचा होता की जागीच अडवायचा होता, हे आधी पाहावे; माझ्या मते बराचसा गोंधळ तिथेच मिटतो.

मात्रेचा प्रश्न मात्र उरतोच. लोहाच्या नॅनोकणांची मात्रा अल्प असताना राय गवताची वाढ आणि शिशाचे शोषण सुधारले, पण मात्रा वाढवताच वनस्पतीवर ऑक्सिडीकरणाचा ताण (पेशींना इजा करणारा रासायनिक ताण) आला, असे प्रयोगांत दिसले आहे.

दुसरे उत्तर
वरील विवेचनाशी मी सहमत आहे. फक्त एका जुन्या अनुभवाची आठवण द्यावीशी वाटते. मोहरीने अधिक शिसे शोषावे म्हणून मातीत ईडीटीए (धातूला धरून पाण्यात विरघळवणारे रसायन) घालण्याची पद्धत एकेकाळी फार आशादायक वाटली होती. शोषण वाढले हे खरे, परंतु विरघळलेले सगळेच शिसे मुळांना घेता आले नाही आणि उरलेले पाण्याबरोबर खाली झिरपून भूजलापर्यंत जाण्याचा धोका उभा राहिला. धातूची चलता वाढवणाऱ्या कोणत्याही नॅनोकणाला हीच कसोटी लावली पाहिजे.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. काम संपल्यावर हे नॅनोकण मातीत तसेच राहतात का?

पहिले उत्तर देणारे
ते कशाचे बनले आहेत, यावर ते ठरते. लोहाचे कण कालांतराने गंजून लोहाची ऑक्साइडे होतात, आणि ती मातीत एरवीही असतातच. झिंक ऑक्साइड आणि कॉपर ऑक्साइड यांचे कण मात्र विरघळून स्वतःच जस्त व तांबे सोडतात. धातूंनी आधीच ग्रासलेल्या जमिनीत ती भर मला योग्य वाटत नाही. शिवाय यांतील बरेच प्रयोग कुंड्यांत किंवा पोषक द्रावणात झालेले आहेत. कुंडीत मुळे जवळजवळ सर्व मातीला भिडतात, शेतात तसे होत नाही. त्यामुळे कुंडीतील शोषणाच्या दरावरून जमीन किती वर्षांत शुद्ध होईल याचे गणित मांडू नये.

तिसरे उत्तर
कापलेल्या पिकाचाही विचार आधीच करून ठेवावा. ते गुरांना घालता येत नाही, त्याचे खतही करता येत नाही, आणि उघड्यावर जाळल्यास कॅडमियम धुराबरोबर हवेत जाते.