मदत हवी आहे: स्वतःची गाडी नसताना दात्चाहून क्निदोसला कसे जावे?

ऑक्टोबरच्या सुरुवातीला आईवडिलांसह बोद्रुमहून फेरीबोटीने तुर्कस्तानातील दात्चा द्वीपकल्पावर जाऊन दात्चा गावात राहण्याचा बेत आहे. द्वीपकल्पावरच्याच पालामुत्ब्युक्यूच्या किनाऱ्यावर पोहोचण्याची चिंता नाही. अडचण आहे ती द्वीपकल्पाच्या टोकावरील, गावापासून सुमारे ३५ किलोमीटर दूर असलेल्या क्निदोस या प्राचीन ग्रीक शहराच्या अवशेषांची. रस्त्याच्या उजव्या बाजूने वाहन चालवण्याची सवय नसल्याने भाड्याची मोटार नको आहे आणि नकाशात तिथपर्यंतची बस सापडली नाही. सहलीच्या नौकेचा पर्याय आहे, परंतु ती थोडाच वेळ थांबते असे हॉटेलने कळवले. दोन्ही बंदरे, नाट्यगृह आणि आफ्रोदिती या ग्रीक देवीचे मानले जाणारे गोल मंदिर (प्राचीन ग्रीक शिल्पकार प्राक्सितेलीसने घडवलेली तिची प्रसिद्ध मूर्ती तिथे उरलेली नसली तरी) आईच्या गुडघ्यांना सांभाळून पाहण्यास तीन तास तरी हवेत. तेव्हा तिथे थांबून परत आणणारी टॅक्सी दात्चात ठरवता येते का, आणि साधारण किती लिरा पडतात?